एका वाचनाचा ट्रे

ट्रेमधली सातवी स्लाइड उचलताना तिचा हात मध्येच थांबला. काचेच्या खरबरीत टोकावर पेन्सिलीनं लिहिलेला नंबर तिच्या ओळखीचा होता. पाच हजार सहाशे चाळीस. लॅबमध्ये नावं येत नाहीत, नंबर येतात. नावं खाली, दुसऱ्या मजल्यावरच्या स्त्रीरोग विभागात कुलपात राहतात, आणि ते बरंच आहे, नाहीतर डबा खाता खाता इथे कुणाकुणाच्या गर्भपिशवीच्या तोंडाची चर्चा झाली असती. पण हा नंबर आठ दिवसांपूर्वी तिच्या हातात एका चिठोऱ्यावर पडला होता आणि तो फाडून टाकण्याआधी तिनं तीनदा वाचला होता. म्हणजे ही स्लाइड तिची होती. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पेशी बघितल्या, आज स्वतःच्याच पेशी रांगेत सातव्या नंबरावर येऊन बसल्या होत्या. तिनं आधी इकडेतिकडे बघितलं, चोरी करताना बघतात तसं, आणि मग तिचं तिलाच हसू आलं. आपलीच वस्तू कोण चोरतं?

लॅबमध्ये तिला सगळे घार म्हणत. हे नाव मोठ्या डॉक्टरांनी ठेवलेलं, कौतुकानं. एका स्लाइडवरच्या हजारो पेशींतून बिघडलेल्या चार पेशी तिनं चहाचा कप खाली न ठेवता हुडकल्या, त्या दिवसापासून; लॅबमध्ये चहा आणायचा नसतो हे त्या कौतुकात सगळेच विसरले होते. तिचं काम हुडकण्याचं. संशयाची पेशी दिसली की काचेवर तिच्या बाजूला पेनानं शाईचा बारीक ठिपका द्यायचा आणि स्लाइड मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायची. पुढचं निदान त्यांचं. काही नसेल तर फॉर्मवर ‘दोष नाही’ हा शिक्का मारायचा, खाली सही करायची, आणि बाई तीन वर्षं मोकळी. घारीच्या उजव्या हाताला अकरा वर्षं जी बसत होती तिला सगळे शेजारीण म्हणत. दोघींची टेबलं जोडलेली, दोघींच्या कमरा एकाच सुमारास धरायच्या, आणि दोघी एकमेकींच्या डब्यातलं न विचारता उचलायच्या. आपली किंवा नात्यातल्या कुणाची स्लाइड ओळखू आली तर ती वाचायची नाही, शेजारच्या टेबलावर सरकवायची, असा साधा नियम होता. एक फूटभर अंतर. हात लांब केला की काम झालं असतं, आणि तोंडानं एवढंच म्हणायचं होतं, ‘अगं, ही माझी.’

ते म्हणता येईना, कारण स्लाइडखाली फॉर्म होता. फॉर्म नर्सनं भरलेला. रुग्णालयानं आपल्याकडे काम करणाऱ्या बायकांची तपासणी काढली होती, तिशीच्या पुढच्या सगळ्यांची, आणि सहा वर्षं काही ना काही निमित्त काढून टाळणारी घार यावेळी नाक मुठीत धरून खाली गेली होती. पडद्यामागे जाण्याआधी टेबलाशी प्रश्न. मागे तीन बायका उभ्या, त्यातली एक हिशेब विभागातली, जिच्या कानावर गेलेली गोष्ट दुपारपर्यंत फाटकावरच्या रखवालदाराला कळते. नर्स खाली मान घालून भराभर विचारत होती. वय? लग्न? मुलं? पाळी? आणि मग मान वर करून, घारीच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे, चष्म्याकडे बघून, हसत, ‘सिगारेट वगैरे नाही ना?’ आणि उत्तराची वाट न बघता ‘नाही’च्या चौकोनात खूण. खूण आधी झाली, घारीची मान नंतर हलली. आठ दिवस ती स्वतःला हेच सांगत होती की आपण खोटं बोललो नाही, आपण फक्त मान हलवली. पण त्या खुणेचा अर्थ या इमारतीत तिच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता.

कारण तो अर्थ तिनंच ठरवला होता. पाच वर्षांपूर्वी ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत हटून बसली होती. सिगारेट ओढणाऱ्या बायकांच्या स्लाइड्स एकीनं वाचून भागायचं नाही, त्या दोघींनी वाचल्या पाहिजेत, आणि पहिलीनं काय बघितलं ते दुसरीला कळता कामा नये, असं तिचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, कामाचा बोजा वाढेल. ती म्हणाली, वाढू दे. तेव्हापासून दोन ट्रे झाले, एक दोन वाचनांचा, एक एका वाचनाचा. ‘हो’ असेल तर पहिल्यात, ‘नाही’ असेल तर दुसऱ्यात. दुसऱ्यातल्या फक्त शून्यावर संपणाऱ्या नंबरांच्या स्लाइड्स, शिक्का बसल्यावर, शहानिशा म्हणून दुसरी परत बघे. त्या वेळी शेजारीण म्हणाली होती, ‘तुला गं कुठून एवढी माहिती?’ आणि घार म्हणाली होती, ‘वाचलं कुठेतरी.’ वाचलंही होतं. पण वाचताना बाकीच्या बायका जी ओळ ओलांडून पुढे जातील त्या ओळीवर ती अर्धा तास अडली होती, हे तिनं सांगितलं नाही. आता तो शहाणपणाचा नियम तिच्यासमोर टेबलावर पडला होता, आणि त्या नियमाप्रमाणे पाच हजार सहाशे चाळीस नंबरच्या बाईला एकदाच वाचायचं होतं.

नुसती नजर टाकते, असं म्हणत तिनं स्लाइड लेन्सखाली सरकवली. वरून खाली, किंचित सरकून खालून वर, पुन्हा सरकून वरून खाली. हात आपोआप चालत होता. निळसर आणि गुलाबी पेशी, मधोमध छोटी गडद केंद्रकं. स्वतःच्या पेशी बघताना काहीतरी ओळखीचं वाटेल अशी तिची एक बावळट समजूत होती. तसं काही वाटलं नाही. पंचवीस वर्षांच्या मुलीच्या असोत की साठीच्या बाईच्या, लेन्सखाली सगळ्या परक्याच असतात. आणि ही स्लाइड तर चांगली होती, नर्सनं नीट घेतलेली, नीट पसरलेली. मग डाव्या बाजूला, खालच्या कडेशी, हात थांबला. चार-पाच पेशी एकमेकींना चिकटलेल्या, केंद्रकं इतरांच्या तिप्पट, काळपट, मनुकेसारखी सुरकुतलेली, आणि त्यांच्याभोवती रिकामं कडं. तिनं लेन्स बदलून जवळून बघितलं. आणखी थोडं सरकल्यावर तसाच एक घोळका. एरवी अशा वेळी तिला पेन उचलायला दोन सेकंद लागत.

ती वीस मिनिटं बघत राहिली. ही सूजही असू शकते, असं तिच्या मनात आलं. सुजेनंही केंद्रकं मोठी होतात. फॉर्मवर ‘नाही’ आहे, वय चव्वेचाळीस, एक मूल, नवरा एक, तक्रार काही नाही. अशा बाईच्या स्लाइडवर हे दिसलं तर मी काय म्हणेन? आणि मग तिच्या लक्षात आलं की अशा बाईच्या स्लाइडवर हे दिसलं तर ती खरंच सूज म्हणाली असती. आधी म्हणालीही असेल. फॉर्मवरची एक खूण डोळ्यांना सांगत होती काय बघायचं ते. आणि ती खूण कोण करत होतं? खालची नर्स, कपड्यांकडे बघून. ‘हो’ लिहिलं जायचं ते जिच्याकडे बघून लिहावंसं वाटायचं तिच्याच फॉर्मवर, जिची बोटं पिवळी, जिचा आवाज घोगरा, जी विचारल्यावर लाजत नाही तिच्या. बाकीच्या सगळ्या, तिच्यासारख्या, धुवून पुसून आलेल्या, या एका वाचनाच्या ट्रेमध्ये. पाच वर्षं. त्यातल्या किती जणींनी नुसती मान हलवली असेल? घारीला आपल्या नजरेचा एवढा अभिमान होता, आणि आज त्या नजरेवर तिचा काडीचा भरवसा उरला नव्हता.

सिगारेट तिला चिकटली ती प्रशिक्षणाच्या वर्षी, वसतिगृहाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, दुपारी. खोलीतली मैत्रीण प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून तिला वकीलीण म्हणत. वकीलीण म्हणाली, पुरुषांनी ओढली तर सवय आणि आपण ओढली तर चारित्र्य, हे मला मान्य नाही, घे. घारीला वादात रस नव्हता, ती सोबत म्हणून बसली होती. पहिल्या झुरक्याला ठसका, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी, तिसऱ्याला डोक्यात एक रिकामी, थंड जागा, जिथे परीक्षा नव्हती, घर नव्हतं, कुणी विचारणारं नव्हतं. वकीलणीनं लग्न ठरताच सिगारेट टाकली, तत्त्वासकट. सोबत म्हणून बसलेली घार मात्र अजून बसलीच होती. तिला ती थंड जागा आवडली होती. दिवसातून कुणीही काही न मागण्याची ती पाच मिनिटं. वडील घरात सर्रास ओढायचे, पडद्यांना वास, उशीला वास, आणि आई रक्षापात्र धुवायची, तक्रार न करता. मुलीच्या हातात दिसली असती तर घर डोक्यावर घेतलं असतं तिनं. म्हणून घारीनं ही गोष्ट आयुष्यात सगळ्यांत नीट केली. हातमोजा घालून ओढायची, मग साबण, मग पुदिन्याची गोळी, केस बांधलेले. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. अंगाला तेलाचा वास घेऊन घरी यायचा आणि कधीतरी तिच्या ओढणीशी नाक नेऊन म्हणायचा, ‘आज बॉयलरच्या खोलीशी बसली होतीस वाटतं.’ म्हणायचा आणि जेवायला बसायचा. त्याला माहीत होतं. तिला माहीत होतं की त्याला माहीत आहे. वीस वर्षं दोघांनी एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही, आणि संसार चांगला चालला होता.

तिनं लेन्सवरून डोळे काढले. पेन उजव्या हाताशी होतं. ठिपका दिला की स्लाइड मोठ्या डॉक्टरांकडे जाणार, ते खाली कळवणार, नर्स कुलूप काढून नाव बघणार, मग तपासण्या, मग पुन्हा तेच प्रश्न, यावेळी खरे. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं की नंबर शून्यावर संपतो. पाच हजार सहाशे चाळीस. म्हणजे ही स्लाइड जेवणानंतर शेजारणीकडे जाणारच. शेजारणीची नजर काही कमी नाही. तिला दिसेल, ती ठिपका देईल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. नियम आपलं काम करेल. हा विचार इतका सोयीचा होता की त्यात कुठे पाणी मुरतंय हे बघायला ती थांबलीच नाही. तिनं ‘दोष नाही’ हा शिक्का उचलला, मारला आणि खाली सही केली. सही नेहमीसारखीच आली, एकाही वळणात न चुकता, आणि त्याचंच तिला मागाहून जास्त वाईट वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत ती मागे बॉयलरच्या खोलीशी गेली. तिथे एक मोडकी खुर्ची होती, भिंतीला पाठ टेकून बसता येईल अशी. हातमोजा चढवला, पेटवली. पंधरा दिवसांपूर्वी एक बाई चुकून वर लॅबमध्ये आली होती, ती तिला आठवली. बस चालवणारी, एकतीस वर्षांची, खाकी शर्टाच्या बाह्या वर दुमडलेल्या. रिपोर्ट घेऊन मजला चुकली होती. फॉर्मवर ‘हो’, स्लाइडवर तीन ठिपके, घारीचेच. दारात उभी राहून म्हणाली, ‘ताई, मला कुणीतरी नीट सांगा. सिगारेट छातीत जाते ना? मग ही खालची भानगड कुठून आली?’

घारीनं तिला बाकावर बसवलं होतं. ‘छातीतून रक्तात जाते. आणि रक्त कुठे जात नाही? पिशवीच्या तोंडाशी जो ओलावा असतो ना, त्यातसुद्धा सिगारेटमधलं विष सापडतं.’

‘पण खालची डॉक्टरीण म्हणाली विषाणू आहे. तो म्हणे बहुतेक सगळ्यांनाच होतो.’

‘होतो. आणि बहुतेकींचा वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. शरीरच हाकलतं त्याला. सिगारेटनं हाकलणाऱ्या पेशी कमी पडतात, मग तो मुक्काम ठोकतो. आणि मुक्काम लांबला की पेशी बिघडायला लागतात.’

‘आणि आता सोडली तर?’

‘आता सोडलीत तर हलके बदल बरेचदा मागे फिरतात. सगळ्यांचे नाही, खोटं कशाला सांगू. पण तपासणीला येत राहायचं. चुकवायचं नाही.’

बसवाली मोठ्यानं हसली होती. ‘तुमचं बरंय ताई, सांगायला काय जातंय. कधी ओढली असतीत तर कळलं असतं.’ आणि हसताना तिच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास आला, अगदी त्याच, निळ्या कागदातल्या गोळीचा. तिथे घारीला ‘कळतंय हो, चांगलंच कळतंय’ म्हणता आलं असतं. दारात दुसरं कुणी नव्हतं, शेजारीण जागेवर नव्हती. त्याऐवजी ती म्हणाली, ‘जिना डावीकडे आहे.’ आज खुर्चीत बसून धूर सोडताना तिला त्या बाईची लाज वाटली, म्हणजे त्या बाईसमोर स्वतःची. ती ठिपके घेऊन गेली होती आणि आता तिच्या तपासण्या चालू होत्या. मोडक्या खुर्चीतल्या बाईकडे शिक्का होता.

परत आली तेव्हा शेजारीण शून्याच्या स्लाइड्स घेऊन बसली होती. घारीनं आपल्या मायक्रोस्कोपवर डोळे टेकवले, पण लक्ष सगळं उजव्या कानात. शेजारणीची काम करताना पुटपुटण्याची सवय होती. एक स्लाइड गेली, दुसरी गेली. तिसऱ्या वेळी फॉर्म उलटल्याचा आवाज, मग शांतता, मग लेन्स बदलल्याचा खटका. बघितलं तिनं, थांबली तिथंच. आता पेन उचलेल. देवा, उचल एकदाचं.

‘चव्वेचाळीस, सिगारेट नाही,’ शेजारीण पुटपुटली. ‘सूज आहे जरा.’ आणि मग मोठ्यानं, ‘अगं, हिची कड बघितलीस का गं तू? डावी?’

‘कुठली?’ घार म्हणाली.

‘चाळीस. पण तू बघितलीच असशील, तुझा शिक्का आहे.’ आणि सही केल्याचा आवाज. पेन कागदावरून जाताना एवढा आवाज होतो हे घारीला माहीत नव्हतं. ‘सुटली बाई. तीन वर्षं निवांत.’ शेजारणीनं पुढची स्लाइड घेतली.

घार सुटली होती. आता कागदावर दोन सह्या होत्या, या लॅबमधल्या सगळ्यांत भरवशाच्या दोन सह्या, आणि चार वाजता गठ्ठा खाली गेला की पाच हजार सहाशे चाळीस नंबरच्या बाईकडे तीन वर्षं कुणी ढुंकून बघणार नव्हतं. सकाळपासून तिला हेच तर हवं होतं. मग सुटल्यासारखं का वाटेना? तिला नीट दिसत होतं काय झालं ते. तिनं सोडली शेजारणीच्या भरवशावर आणि शेजारणीनं सोडली तिच्या भरवशावर, आणि दोघींच्या मधल्या फूटभर फटीतून एक बाई खाली पडली होती. तीन वर्षांत हलका बदल कुठवर जातो हेही तिला पाठ होतं. बरेचदा कुठेच जात नाही. आणि काही वेळा जातो. तिनं अशा स्लाइड्स बघितल्या होत्या, आधी ‘दोष नाही’ शिक्का बसलेल्या बायकांच्या, ज्यात नंतर ठिपके देत बसायलाही अर्थ नसायचा, सगळी काच तीच. मुलगी चौदा वर्षांची होती. तीन वर्षांनी सतरा. तिला मरायचं नव्हतं. एवढी साधी गोष्ट, पण आठ दिवसांत ती पहिल्यांदाच मनात अशी स्पष्ट उमटली, आणि तिच्यापुढे हिशेब विभागातली बाई, नर्स, वडिलांचं रक्षापात्र सगळं अचानक फार बारीक दिसायला लागलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

तिनं हात लांब करून शेजारणीच्या ट्रेमधून स्लाइड उचलली. ‘काय गं?’ शेजारीण म्हणाली. ‘काही नाही,’ घार म्हणाली. लेन्सखाली ठेवली, डाव्या कडेवर गेली, पेन उघडलं आणि ठिपका दिला. एक. मग दुसऱ्या घोळक्याशी दुसरा. दुसरा ठिपका ओबडधोबड आला. मग स्लाइड आणि फॉर्म घेऊन ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

डॉक्टर निवृत्तीला आले होते आणि दुपारनंतर कुणी आलेलं त्यांना आवडत नसे. त्यांनी स्लाइड घेतली, बघितली, लेन्स बदलून परत बघितली. ‘हं,’ म्हणाले. ‘हलका बदल. या दोन कडेच्या मला जरा जास्तच वाटतायत. दुर्बिणीची तपासणी करू दे खाली, विषाणूची चाचणी लावू. कॅन्सर नाही हा. पण तीन वर्षं सोडून देण्यासारखंही नाही.’ मग त्यांनी फॉर्म हातात घेतला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. ‘यावर शिक्का कसा हो? तुमचा? आणि वर दुसरी सही?’

‘शिक्का मी मारला, सर. सकाळी. ठिपके आत्ता दिले.’

‘तुम्हाला सकाळी दिसलं नाही?’ त्यांना ते खरं वाटेना.

‘दिसलं होतं.’

बाहेर गठ्ठे नेणारी गाडी कुरकुरत व्हरांड्यातून येत होती. ‘आणि फॉर्म चुकलाय, सर,’ ती म्हणाली. ‘सिगारेट नाही लिहिलंय. ती ओढते.’

‘तुम्हाला काय माहीत?’

‘माझीच स्लाइड आहे.’

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. उपदेश सुरू होईल म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली, पण उपदेश आला नाही. ते म्हणाले, ‘तुमच्या या महिन्याच्या सगळ्या स्लाइड्स परत वाचून घ्याव्या लागतील मला. कळतंय ना?’ ती हो म्हणाली. खरं तर गेल्या पाच वर्षांच्या ‘नाही’वाल्यांबद्दल तिला बोलायचं होतं, नर्सबद्दल, कपड्यांबद्दल, दोन ट्रेंबद्दल, आणि ती बोललीही, तुकड्यातुकड्यात, आणि डॉक्टरांनी मध्ये न तोडता ऐकलं. शेवटी ते म्हणाले, ‘उद्यापासून फॉर्म वाचून झाल्यावर बघायचा. आधी काच. हे आधीच करायला हवं होतं, माझंही चुकलं. आणि तुमचा नवा फॉर्म हवा. तो तुम्ही स्वतः भरायचा नाही. दुसरं कुणीतरी विचारेल, तुम्ही उत्तर द्यायचं.’ आणि त्यांनी दारातून शेजारणीला हाक मारली.

शेजारीण आली, तिनं फॉर्मवरचा नंबर बघितला, ठिपके बघितले, डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं ते ऐकलं, आणि जुना आणि कोरा असे दोन्ही फॉर्म घेऊन बाहेर गेली. घार तिच्या मागोमाग. टेबलाशी आल्यावर शेजारीण बसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता.

‘मी बघितल्या होत्या त्या पेशी,’ ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. ‘बघितल्या, आणि सोडल्या. तुझा शिक्का बघून. मला वाटलं, घारीनं सोडलंय म्हणजे सूजच असणार.’

‘मला वाटलं तू—’

‘तुला काय वाटलं ते नको सांगूस. तुला वाटतं मला माहीत नव्हतं? अकरा वर्षं बसते तुझ्या शेजारी. गोळी चघळत येतेस, हात साबणानं धुवून येतेस, कुठल्या जंतूंशी लढायला जातेस बॉयलरशी? सांगायचं तेव्हा सांगेल म्हणून मी गप्प बसले. तुझी गोष्ट, तुझा आब. पण स्लाइड?’ तिनं जुन्या फॉर्मवरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं. ‘ती माझ्या सहीवर ढकललीस? तीन वर्षांनी तू खाटेला खिळली असतीस आणि मी तुझ्या मुलीला भेटायला आले असते. आणि कागदावर माझी सही असती.’

चूक झाली म्हणणं घारीला फारच स्वस्त वाटलं. तिनं शेजारणीच्या हाताला हात लावला. शेजारणीनं तो झटकला नाही, पण धरलाही नाही. मग तिनं खुर्ची ओढली, जुन्या फॉर्मवरची आपली सही एका रेघेत खोडली, बाजूला तारीख घातली, नवा फॉर्म पुढे घेतला आणि नर्सच्या आवाजात, कुणीतरी अनोळखी बाई समोर बसली आहे अशा आवाजात विचारायला सुरुवात केली.

‘वय?’

‘चव्वेचाळीस.’

‘मुलं?’

‘एक.’

‘सिगारेट?’

‘हो.’

‘किती वर्षं?’

‘तेवीस.’

‘दिवसाला किती?’

‘चार,’ घार म्हणाली.

पेन कागदावर टेकलं नाही. शेजारणीनं मान वर केली नाही, काही विचारलं नाही, नुसती थांबली.

‘चौदा,’ घार म्हणाली.

शेजारणीनं ते आधी आकड्यात लिहिलं, आणि मग अक्षरात.